कर्ली डिरेक्टरीत आपली वेबसाइट कशी टाकायची: डीमॉझच्या वारसदाराची सगळी प्रोसेस

पहिली गोष्ट क्लिअर करून टाकू, डीमॉझ, म्हणजे हौशी संपादकांनी साइट्स बघून विषयवार लावलेली वेबसाइट्सची यादी (डिरेक्टरी), आता नाहीये. १७ मार्च २०१७ ला ते बंद झालं, त्यामुळे "डीमॉझ लिस्टिंग करून देतो, अमुक एवढे लागतील" असा मेल किंवा व्हॉट्सॅप आला तर समोरच्याने एकतर जुनं रेटकार्ड बदललेलं नाही नाहीतर तो सरळ गंडवतोय. आज साइट टाकायची ती कर्लीमध्ये, पत्ता कर्ली डॉट ऑर्ग. डीमॉझच्याच संपादकांनी जुना डेटा पुढे नेऊन ती २०१८ मध्ये सुरू केली, रचना तीच, नियम जवळपास तेच, आणि पैसे तेव्हाही लागत नव्हते, आताही लागत नाहीत.

ज्यांनी डीमॉझ कधी बघितलंच नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. जून १९९८ मध्ये रिच स्क्रेंटा आणि बॉब ट्रूएल यांनी ग्नूहू नावाने हे सुरू केलं. तेव्हा याहूची डिरेक्टरी पगारी माणसं सांभाळायची आणि वेब एवढ्या वेगाने वाढत होतं की त्यांना पुरं पडत नव्हतं, तर हेच काम जगभरच्या हौशी लोकांनी वाटून घेतलं तर, अशी आयडिया. ग्नू हे फ्री सॉफ्टवेअरवाल्यांच्या प्रोजेक्टचं नाव, त्यावर त्यांनी आक्षेप घेतला म्हणून ते न्यूहू झालं, मग 'हू' वर याहूने नाक मुरडलं, आणि त्याच वर्षी नेटस्केप या ब्राउझर कंपनीने ते घेतलं आणि ओपन डिरेक्टरी प्रोजेक्ट असं नाव पडलं. डीमॉझ हे डिरेक्टरी डॉट मोझिला डॉट ऑर्ग या पत्त्याचं लाडाचं रूप. एके काळी गूगलची स्वतःची डिरेक्टरी याच डेटावर चालायची, २०११ पर्यंत. याहू डिरेक्टरी धंदेवाईक साइट्सकडून वर्षाला २९९ डॉलर घ्यायची, तीही २०१४ च्या शेवटी बंद पडली. डीमॉझ बंद झालं तेव्हा त्यात ३८ लाखांच्या आसपास साइट्स होत्या.

आता खरा प्रश्न, आज हे करायचं कशाला? गूगलच्या रिझल्टमध्ये वर येण्यासाठी (रँकिंगसाठी) करत असाल तर राहू द्या. गूगल एके काळी रिझल्टमध्ये तुमच्या साइटचं नाव आणि वर्णन डीमॉझमधून उचलायचं, ते नको असेल तर पानाच्या कोडमध्ये नोओडीपी नावाचा मेटा टॅग टाकावा लागायचा, एवढं त्याचं वजन होतं. ते दिवस गेले. फायदा आहे तो वेगळा आणि छोटा: माणसाने बघून, निवडून, योग्य खणात ठेवलेली नोंद मिळते. हा डेटा खुल्या लायसन्सवर असल्यामुळे बाकीचे लोक तो वापरतात, वेबसाइट्सचं आपोआप वर्गीकरण करणाऱ्या संशोधनातही तो वापरला गेलाय. आणि मराठी साइट असेल तर अजून एक कारण, डिरेक्टरीत प्रत्येक भाषेची वेगळी शाखा असते आणि इंग्रजी शाखेच्या मानाने आपली मराठी शाखा फारच बारीक आहे, तिथे एक चांगली साइट वाढली तरी फरक दिसतो. एकदाच अर्धा तास घालवायचा आणि विसरून जायचं, एवढ्याच लायकीचं हे काम आहे, महिनाभर मागे लागण्याच्या लायकीचं नाही.

सगळी प्रोसेस एका गोष्टीवर उभी आहे: पलीकडे बसलेला माणूस फुकट काम करतोय. त्याला तुमच्या धंद्याशी देणंघेणं नाही, त्याची कॅटेगरी वाचणाऱ्याच्या उपयोगाची राहावी एवढीच त्याची इच्छा. त्याने तुमची सूचना, म्हणजे तुम्ही सुचवलेल्या साइटची नोंद, उघडली, साइट बघितली, काही न बदलता ओके म्हटलं, इतकं सोपं तुम्ही त्याला करून दिलं तर काम होतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

पायरी १: आधी साइट तपासा

संपादक साइटवर किती वेळ थांबेल याची खात्री नाही, म्हणून जे त्याला लगेच दिसायला हवं ते समोर ठेवा. काम चालू आहे, लवकरच येत आहोत, असले बोर्ड लावलेली साइट पाठवू नका. मेनूमधली अर्धी पानं रिकामी असतील तरी नको, आधी भरा. साइटवर स्वतःचा मजकूर पाहिजे, दुसरीकडून कॉपी केलेला नाही आणि नुसत्या अॅफिलिएट लिंकाही (दुसऱ्यांचा माल विकून कमिशन मिळवायच्या लिंका) नाहीत. ब्लॉगस्पॉट किंवा वर्डप्रेसच्या फुकट पत्त्यावरची साइट असली म्हणून कुणी कमी लेखत नाही, मजकूर काय आहे ते बघतात.

धंद्याची साइट असेल तर खरा पत्ता आणि फोन साइटवर दिसू द्या, नुसता कॉन्टॅक्ट फॉर्म ठेवू नका. गाव-शहराच्या कॅटेगरीत नोंद करायची तर तुम्ही खरंच तिथे आहात हे संपादकाला कुठूनतरी कळायला हवं ना, आणि तो काही तुम्हाला फोन करून विचारणार नाही.

एकाच साइटचे चार पत्ते चालू असतील, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावून एक, न लावता एक, जुनं डोमेन एक, तर सगळे एकावर वळवा आणि तो एकच पाठवा. पॅकर्स-मूव्हर्स लोकांची एक खास सवय असते, पुण्यासाठी एक डोमेन, नाशिकसाठी एक, कोल्हापूरसाठी एक, आत मजकूर तोच फक्त शहराचं नाव बदललेलं. हे इथे चालत नाही, आणि एकदा लक्षात आलं की मूळ साइटसुद्धा संशयाने बघितली जाते.

मराठी साइटवाल्यांसाठी एक वेगळी चेक. साइट खूप जुनी असेल आणि मजकूर युनिकोडऐवजी एखाद्या जुन्या फॉन्टमध्ये असेल तर ज्याच्याकडे तो फॉन्ट नाही त्याला नुसतं इंग्रजी अक्षरांचं कडबोळं दिसतं. हे आधी कन्व्हर्ट करा, नाहीतर संपादकाला साइट वाचताच येणार नाही.

पायरी २: आधीच नोंद आहे का बघा

कर्लीवर सर्च आहे, तिथे साइटचं नाव टाका आणि डोमेनही टाकून बघा. साइट २०१७ च्या आधीची असेल तर डीमॉझच्या काळातली नोंद तशीच पडलेली असण्याची शक्यता चांगली आहे, कुणीतरी संपादकाने स्वतःहून टाकलेली, तुम्हाला पत्ताही नसतो. असेल तर नवी सूचना पाठवू नका, माहिती जुनी झाली असेल तर त्या कॅटेगरीतून अपडेटची विनंती करा.

पायरी ३: कॅटेगरी, इथेच खरी मेहनत आहे

बहुतेक सूचना इथेच चुकतात. लोकं वरच्या वर मोठ्या कॅटेगरीत साइट टाकतात कारण वाटतं वर असलेलं जास्त दिसेल. संपादकाला मग ती खाली योग्य जागी हलवावी लागते, आणि हलवायला कंटाळा आला की ती तिथेच पडून राहते. वरच्या काही कॅटेगऱ्यांमध्ये तर सूचना घेतच नाहीत, बटणच नसतं.

पहिला प्रश्न भाषेचा. साइट कुणाची आहे यावर शाखा ठरत नाही, मजकूर कोणत्या भाषेत आहे यावर ठरते. अमेरिकेतल्या एखाद्या महाराष्ट्र मंडळाची साइट पूर्ण इंग्रजीत असेल तर ती इंग्रजी शाखेत जाणार, मंडळी कितीही मराठी असोत. उलट लंडनमध्ये बसून कुणी मराठीत पाककृती लिहीत असेल तर ती साइट मराठी शाखेत. दोन्ही भाषांत व्यवस्थित, पूर्ण मजकूर असेल तर दोन्हीकडे सुचवता येते, प्रत्येक ठिकाणी त्या त्या भाषेच्या पानाचा पत्ता देऊन. पण मेनू मराठीत आणि बाकी सगळं इंग्रजीत, याला द्विभाषिक म्हणत नाहीत. गूगल ट्रान्सलेटचं बटण लावलंय म्हणूनही नाही.

दुसरा प्रश्न, विषय की प्रदेश. तुमचं गिऱ्हाईक किंवा वाचक एका गावाशी, शहराशी, राज्याशी बांधलेला असेल तर प्रदेशाची शाखा, म्हणजे इंग्रजीत रीजनल, मग एशिया, मग इंडिया, मग महाराष्ट्र किंवा गोवा, आणि तिथून खाली. डेंटिस्ट, शाळा, होमस्टे, केटरर, नगरपालिका, लोकल बातम्या, हे सगळं इकडे. कुठूनही वाचता येईल, कुठेही उपयोगी पडेल असा मजकूर असेल तर विषयाची शाखा: कविता, बुद्धिबळ, प्रोग्रॅमिंग, पक्षीनिरीक्षण. मराठी शाखेच्या आतही असंच विषय आणि प्रदेश वेगळं असतं, फक्त खण कमी आहेत.

समजा तुमचं गुहागरला होमस्टे आहे आणि साइट इंग्रजीत आहे. महाराष्ट्राच्या खाली गावाची कॅटेगरी शोधा, नसेल तर जिल्ह्याची बघा, तीही नसेल तर महाराष्ट्राच्या खालची प्रवास आणि राहण्याची सोय यातली जी सगळ्यात जवळची ती घ्या. एक साधी युक्ती म्हणजे तुमच्यासारख्याच दोन-तीन साइट्स सर्च करून त्या कुठल्या खणात आहेत ते बघायचं. त्या कॅटेगरीचं वर्णन दिलेलं असेल तर ते वाचा, कारण 'इथे काय नको' हे त्यातच लिहिलेलं असतं. पानावर सारख्या कॅटेगऱ्यांच्या लिंका आणि हीच कॅटेगरी इतर भाषांत कुठे आहे त्याच्या लिंकाही असतात, इंग्रजीतून मराठी खण शोधायला त्या कामाला येतात.

एका भाषेत एक साइट, एक कॅटेगरी. पाच ठिकाणी टाकून बघू, एखादीकडे लागेल, हा विचार सोडा. संपादकांना ते एकत्र दिसतं.

पायरी ४: फॉर्म

योग्य कॅटेगरीच्या पानावर उभे राहूनच साइट सुचवण्याचं बटण दाबायचं, होमपेजवरून नाही. फॉर्म चिमुकला आहे: पत्ता, नाव, वर्णन, तुमचा ईमेल, आणि माणूस असल्याचा पुरावा.

पत्ता साइटच्या मुख्य पानाचा. आतल्या पानाचा नको, मागे ट्रॅकिंगचं शेपूट (पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्हानंतर जोडलेला कोड) नको.

नाव म्हणजे साइटचं किंवा संस्थेचं नाव, बस. 'स्वस्त होमस्टे गुहागर कोकण बीच' हे नाव नाही. टॅगलाइन नको, सगळी अक्षरं कॅपिटल नकोत, उद्गारचिन्हं नकोत.

वर्णन पंचवीस ते तीस शब्दांत, आणि इथे आपली मराठी सवय आडवी येते. आपल्याकडे साधं शिकवणीचं पॅम्फ्लेट लिहायचं तरी 'नामांकित', 'अग्रगण्य', 'एकमेव', 'विश्वासाचे दुसरे नाव' शिवाय हात पुढे सरकत नाही. इथे ही सगळी विशेषणं कापली जातात, आणि कापायचा त्रास संपादकाला होतो. समजा त्याच होमस्टेची साइट मराठीत आहे आणि वर्णन असं आहे:

"कोकणातील सर्वोत्तम, स्वस्त आणि मस्त होमस्टे! निसर्गाच्या कुशीत विसावा घ्या. आम्ही देतो घरच्यासारखी सेवा. गुहागर होमस्टे, गुहागर हॉटेल, कोकण रूम्स. आजच बुक करा!"

यात साइटवर काय आहे हे एका शब्दाने सांगितलेलं नाही. तेच असं लिहा:

"गुहागर येथील समुद्रकिनाऱ्याजवळचे चार खोल्यांचे घरगुती निवास. खोल्यांचे दर व छायाचित्रे, जेवणाची सोय, येण्याचा मार्ग आणि परिसरातील ठिकाणांची माहिती."

पहिलं वाक्य हे काय आहे ते सांगतं, दुसरं साइटवर काय सापडेल ते. 'आम्ही' नाही, 'या वेबसाइटवर तुम्हाला मिळेल' ही पुडी नाही, होमस्टेचं नाव परत नाही कारण ते वर आलंय. कॅटेगरीच गुहागरची असती तर 'गुहागर येथील' हेही काढलं असतं, वाचणारा गुहागरमध्येच उभा आहे. वर्णन ज्या शाखेत टाकताय त्या भाषेत लिहायचं, इंग्रजी शाखेत इंग्रजी, मराठीत मराठी, देवनागरीत, मिंग्लिश नाही. आणि मराठी शाखेत शुद्धलेखन एकदा बघून घ्या, ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं वर्णन दुरुस्त करावं लागतं.

लिहून झालं की त्याच कॅटेगरीत आधी असलेल्या चार नोंदी वाचा आणि तुमची पाचवी त्यांच्यात मिसळून जाते का बघा. उठून दिसली तर काहीतरी जास्तीचं आहे, ते काढा.

पायरी ५: पाठवा आणि विषय सोडा

इथे रेशनच्या दुकानासारखी रांग नसते, ढीग असतो. संपादक त्यातलं कुठूनही, कधीही, काहीही उचलतो, किंवा ढिगाकडे न बघता स्वतः शोधलेल्या साइट्स टाकत बसतो, तेही त्याच्या कामातच येतं. बऱ्याच कॅटेगऱ्यांना स्वतःचा संपादक नसतो, वरच्या पायरीवरच्या माणसाला खालचं सगळं बघायचा अधिकार असतो पण त्याच्याकडे असे शेकडो खण असतात. म्हणून दोन दिवसांत नोंद होऊ शकते, दोन वर्षं काहीच होणार नाही असंही होतं. डीमॉझ याच गोष्टीसाठी बदनाम होतं, त्यात २००६ च्या ऑक्टोबरमध्ये सर्व्हर असा कोसळला की डिसेंबरपर्यंत संपादकांना काम करताच आलं नव्हतं, लोक मात्र तिकडे रोज चेक करत बसलेले.

परत परत पाठवल्याने पुढे नंबर लागत नाही, उलट स्पॅमचा शिक्का बसायची भीती. स्टेटस विचारायची सोय आहे असं धरू नका. सहा-आठ महिन्यांनी काहीच झालं नसेल तर कॅटेगरी खरंच बरोबर होती का ते नीट बघा, चुकली असेल तर बरोबर जागी एकदा पाठवा. बरोबर होती तर सोडून द्या. साइट घेतलीच पाहिजे असं बंधन त्यांच्यावर नाही, आणि नाकारल्याचं पत्र येईल याची वाट बघू नका.

पैसे मागणारा कुणी भेटला, मग तो एजंट असो की स्वतःला संपादक म्हणवणारा, तर देऊ नका. पैसे घेऊन नोंद करणं हा संपादकासाठी हाकलून देण्याइतका गुन्हा आहे, गैरवापराची तक्रार करता येते, करा. तसंच '५०० डिरेक्टरी सबमिशन' वाली पॅकेजेस. गूगलच्या स्पॅमच्या नियमांत हलक्या दर्जाच्या डिरेक्टऱ्यांमधल्या लिंका नावानिशी दिलेल्या आहेत, म्हणजे पैसे देऊन तुम्ही दुखणं विकत घेताय. लोकल धंदा असेल तर तो वेळ गूगल बिझनेस प्रोफाइल नीट भरण्यात घालवा, आणि स्वयंसेवी कामाचंच प्रेम असेल तर ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशावर आपल्या गावातली दुकानं, रस्ते टाका, गिऱ्हाईकाला त्याचा उपयोग जास्त.

नोंद झाल्यावर

बहुतेक वेळा संपादकाने तुमच्या वर्णनातले दोन शब्द उडवलेले असतात. उडवू द्या. 'आमची मेन सर्व्हिस लिहिलीच नाही' म्हणून भांडायला जाऊ नका, माहिती चुकीची असेल तरच अपडेटची विनंती. डोमेन बदललं तर मात्र कळवा, आणि जुनं डोमेन लगेच सोडू नका. सोडलेलं डोमेन जुगाराच्या साइटवाले उचलतात, मग तुमच्या नावाखाली भलतंच काहीतरी उघडतं आणि नोंद उडते. डीमॉझच्या काळात मेलेल्या लिंका शोधत फिरणारा रोबोझिला नावाचा प्रोग्रॅमच होता, आठवडाभर साइट बंद ठेवण्याआधी असल्या गोष्टी लक्षात असू द्या.

सगळ्यात चांगला मार्ग, जो कुणी घेत नाही

स्वतः संपादक व्हा. मराठीसाठी तर माझ्या मते हाच खरा मार्ग आहे, कारण आपल्या शाखेत सूचना पडून राहतात त्या नियम कडक आहेत म्हणून नाही, बघायला माणूस नाही म्हणून.

अर्ज कॅटेगरीच्या पानावरूनच करायचा. कॅटेगरी लहान निवडा, जिथे मोजक्या साइट्स आहेत आणि ज्या विषयात तुम्हाला गती आहे. अख्खा महाराष्ट्र किंवा अख्खी मराठी शाखा पहिल्याच अर्जात मागितली की तिथेच संपलं, पण 'मराठी कविता' किंवा तुमचा एखादा जिल्हा हे पटण्यासारखं असतं. अर्जात दोन-तीन अशा साइट्स द्याव्या लागतात ज्या त्या कॅटेगरीत अजून नाहीत पण असायला हव्यात, प्रत्येकीचं नाव आणि वर्णन वर सांगितलं तसं लिहून. ही तुमची परीक्षा, अर्ज बघणारा ज्येष्ठ संपादक हेच नमुने तपासतो, बाकी तुम्ही किती शिकलात याच्याशी त्याला मतलब नाही. नमुन्यांमध्ये स्वतःची साइट आणि मेव्हण्याची साइट एवढंच असेल तर हेतू लगेच उघडा पडतो. वेगवेगळ्या लोकांच्या साइट्स द्या.

तुमचा कुठल्या साइट्सशी संबंध आहे ते विचारतात, सगळं सांगा. स्वतःचा धंदा असणं हा अडथळा नाही, संपादकाला आपली साइट टाकता येते, पण ती कॅटेगरीत बसणारी हवी, तिचं वर्णन बाकीच्यांसारखंच कोरडं हवं आणि स्पर्धकांच्या साइट्सही तितक्याच निमूटपणे टाकायला हव्यात. लपवलेलं नंतर सापडलं तर लॉगिन जातं.

मिळाल्यावर रोज बसायची गरज नाही, पण अगदी विसरूही नका, डीमॉझमध्ये चार महिने एकही एडिट नसेल तर लॉगिन आपोआप बंद व्हायचं. आधी ढिगात पडलेल्या सूचना बघा, मग मेलेल्या लिंका काढा, मग स्वतः शोधून भर घाला. वेळ आणि विश्वास जमला की वरची मोठी कॅटेगरी मागता येते. आणि पहिला अर्ज नाकारला तर आलेलं कारण नीट वाचा, बऱ्याचदा वर्णनं जाहिरातीसारखी झालेली असतात किंवा कॅटेगरी झेपण्यापेक्षा मोठी मागितलेली असते, तेवढं दुरुस्त करून एक-दोन पायऱ्या खालच्या खणासाठी परत अर्ज टाका.